पिस्तुलाचा पहिला कोर्स: मोबाइलवर की उस्तादासमोर?

पिवळी_दादर (शहादा)

नमस्कार मंडळी. हँडगनचा अगदी पहिला कोर्स निवडायचा आहे. पर्याय दोन. एक ऑनलाइन: साडेतीन तासांचे व्हिडिओ, शेवटी वीस प्रश्न, पास झालं की प्रमाणपत्र. दुसरा रेंजवर दोन दिवस, प्रत्यक्ष. शहाद्याहून रेंज गाठायची म्हणजे प्रवास, मुक्काम, दोन दिवस शेतातलं काम बंद.

घरातल्या गरजाही दोन आहेत. एकाला .३२ रिव्हॉल्व्हरच्या लायसन्ससाठी अर्ज करायचा आहे. मुलीला १० मीटर एअर पिस्तूल शिकायचं आहे. एकच ऑनलाइन कोर्स दोघांना पुरेल का? की आधी ऑनलाइन आणि मग रेंज? "प्रत्यक्षच चांगलं" एवढंच सांगू नका, का ते लिहा.

पांझरा_काठ (धुळे)

ताई, आधी दोन्ही गरजा वेगळ्या करा. त्यांचा कायदाही वेगळा आणि हत्यारही वेगळं.

.३२ साठी शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये करायचा. सोबत शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ते फॉर्म एस-१. या प्रशिक्षणात सुरक्षित हाताळणी, फायरिंगची पद्धत, हत्याराची निगा, साठवण आणि वाहतूक असं सगळं येतं. फायरिंगची पद्धत मोबाइलवर पूर्ण होत नाही आणि एस-१ वर अधिकृत प्रशिक्षकाची सही लागते. खाजगी ऑनलाइन कोर्सचं रंगीत प्रमाणपत्र छापून फाइलला लावलं तर ते शोभेलाच. पैसे भरण्याआधी शस्त्र परवाना शाखेत विचारा की जिल्ह्यात एस-१ कोण देतं. बाकी चौकशी त्यानंतर.

एअर पिस्तुलाचं तसं नाही. .१७७ बोअर, म्हणजे नळीचं भोक ४.५ मिमी, आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर लायसन्स लागत नाही. मॅचचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटरने फेकतं. हिशोब केला तर सहा ज्यूलच्या आसपास भरतं. विकत घेताना दुकानदार ओळखपत्र मागतो, नोंद करतो, ते द्यायचं. मुलीच्या बाबतीत ऑनलाइनचा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा आहे. .३२ च्या बाबतीत तो अर्धा सुटलेलाच आहे.

रेल्वे_यार्ड (भुसावळ)

व्हिडिओ काय शिकवू शकतो ते आधी सांगतो, म्हणजे मी ऑनलाइनच्या विरोधात आहे असं कोणी म्हणायला नको.

भागांची नावं, काडतुसाचे चार भाग (पुंगळी, प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारी बुडाची टिकली, दारू, गोळी), रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलातला फरक, रेंजच्या आज्ञा, साठवणुकीचे नियम हे सगळं ऑनलाइन वर्गापेक्षा बरं शिकता येतं. व्हिडिओ थांबवता येतो, पुन्हा बघता येतो. वर्गात नळीचा कट-सेक्शन दाखवताना मागच्या बाकावरच्याला काही दिसत नाही. मूळ नियम तीन: नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला, फायर करायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, वापरायची वेळ येईपर्यंत हत्यार रिकामं. हे कागदावर दहा मिनिटांत पाठ होतात.

अडचण तिथेच आहे. पाठ झालेला नियम आणि हाताला लागलेली सवय यात तापीच्या पात्राएवढं अंतर आहे. पहिली गोळी सुटली की नवखा काय करतो बघा. आवाज होतो, हात वर उडतो आणि तो "लागली का?" म्हणत मागे वळतो. वळताना खांदे फिरतात, खांद्यांबरोबर हात फिरतात आणि हातातलं भरलेलं हत्यार शेजारच्या लेनवरून फिरतं. बोट अजून चापावरच असतं. परीक्षेत वीसपैकी वीस मिळवलेला माणूसही हेच करतो, कारण त्या क्षणी डोकं नसतं, अंग असतं. म्हणून चांगला उस्ताद पहिल्यांदा एकच काडतूस भरायला लावतो आणि स्वतः फायररच्या हातातल्या हत्याराच्या बाजूला, अर्ध्या पावलावर मागे उभा राहतो. माणूस वळला की त्याचं मनगट धरता आलं पाहिजे, इतक्या जवळ. दुसऱ्यांदा दोन काडतुसं. सहा भरायची वेळ बऱ्याच उशिरा येते.

मोबाइल मनगट धरत नाही.

भरीत_पार्टी (जळगाव)

यार्डभाऊंचं बरोबर, पण "प्रत्यक्ष" या शब्दावर इतका भरवसा नको. प्रत्यक्ष कोर्स दोन प्रकारचे असतात. एकात उस्ताद आणि दोन शिकाऊ. दुसऱ्यात वीस जण रांगेत, एक उस्ताद मागे खुर्चीत, प्रत्येकी पाच राउंड, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र, घरी. दुसऱ्या प्रकारापेक्षा चांगला ऑनलाइन कोर्स शंभर पटीने बरा, कारण तो निदान खोटा आत्मविश्वास देत नाही.

पैसे भरण्याआधी फोनवर पाच गोष्टी विचारा. फायरिंग लाइनवर एका उस्तादामागे किती जण? (दोनपेक्षा जास्त असतील तर नवख्यासाठी नको, पहिल्या राउंडला एकास एक.) प्रत्येकी किती राउंड? (पाच-दहा राउंडमध्ये फक्त आवाजाची ओळख होते. पन्नासच्या पुढे असतील तर शिकणं सुरू होतं.) भरण्या-रिकामं करण्याचा सराव डमी, म्हणजे न फुटणाऱ्या, राउंडवर किती वेळ? कान-डोळ्यांचं संरक्षण तिथे मिळतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक केली तर लाइनवरून खाली उतरवतात का? "नाही हो, सगळे पास होतात" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

अमेरिकेत हा वाद मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनने २०१६ मध्ये पिस्तुलाच्या बेसिक कोर्सचा वर्गातला भाग ऑनलाइन नेला आणि रेंजचा भाग उस्तादाकडे ठेवला. उस्ताद मंडळी चिडली. २०१७ मध्ये पूर्ण प्रत्यक्ष कोर्सचा पर्याय परत द्यावा लागला. लक्षात घ्या, त्या ऑनलाइन प्रयोगातही फायरिंग ऑनलाइन नव्हतंच. जिथे हत्यार इतकं सर्रास आहे तिथल्या या संघटनेनेही तेवढं धाडस केलं नाही.

सातपुडा_पायथा (चोपडा)

आठे एक वेगळीच भानगड शे, ती कोणी सांगितली नाही. ऑनलाइन कोर्स बहुतेक परदेशी व्हिडिओंवर उभे असतात. त्यात रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, डाव्या बाजूला बाहेर निघतं. आपल्याकडे आयुध निर्माणीचं जे .३२ रिव्हॉल्व्हर मिळतं ते बहुतेक वेळा जुन्या वेब्ली नावाच्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं, वरून मोडणारं. खटका दाबायचा, नळी पुढे खाली झुकते, मधला तारा (काडतुसं बाहेर उचलणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग) वर उचलला जातो आणि सहाही एकदम बाहेर येतात, रिकाम्या पुंगळ्याही आणि जिवंत काडतुसंही. व्हिडिओ बघून आलेला माणूस सिलिंडर बाजूला ढकलत बसतो. ते निघत नाही म्हणून जोर लावतो आणि जोर लावताना नळी कुठे बघते आहे याचं भान सुटतं.

उघडण्याची रीत नीट समजून घ्या. बोट बाहेर. नळी जमिनीकडे, पण पुढे, स्वतःच्या पायाकडे नाही. खटका दाबून एका झटक्यात पूर्ण उघडायचं आणि त्याच वेळी हात थोडा बाजूला कलता करायचा, म्हणजे पुंगळ्या खाली पडतात. भीत भीत, हळूहळू उघडलं की तारा अर्धवट उचलला जातो, एखादी पुंगळी सरकून ताऱ्याच्या खाली जाते आणि तारा परत बसताना तिच्यावर अडकतो. मग हत्यार ना उघडं ना बंद. नवखा ते डोळ्यांसमोर धरून नखाने पुंगळी उकरतो. हे डमी राउंडवर तीस-चाळीस वेळा केल्याशिवाय जिवंत काडतूस हातात घेऊच नये.

दुसरा सापळा काडतुसाचा. रिव्हॉल्व्हरही .३२ आणि पिस्तूलही .३२, म्हणून काडतूस एकच असं नाही. रिव्हॉल्व्हरचं लांब, २३ मिमी पुंगळीचं आणि बुडाला ठळक कड असलेलं. पिस्तुलाचं १७ मिमी पुंगळीचं, आखूड. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात (काडतूस बसतं त्या भोकात) शिरतंसुद्धा, म्हणूनच घोटाळा होतो. शिरलं म्हणजे चालतं असं नाही. डबीवरचं वाचायचं, पुंगळीच्या बुडावरचं वाचायचं आणि मगच भरायचं.

तिसरं, सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. तिथून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. पिस्तुलाचे व्हिडिओ बघून दोन्ही अंगठे पुढे ताणायची सवय लागली असेल तर रिव्हॉल्व्हरवर अंगठा नेमका त्या फटीजवळ जातो. रिव्हॉल्व्हरवर अंगठे मागे, एकावर एक दुमडून. उलट पिस्तुलावर अंगठा मागून आडवा टाकला तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे येताना अंगठ्याची कातडी सोलून नेते. एकाची सवय दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून कोर्स निवडताना हत्यार कोणतं तेही विचारा.

पिवळी_दादर (शहादा)

हे उपयोगाचं आहे. पण राउंड फुटलाच नाही तर काय, हे ऑनलाइनच्या नमुना धड्यात फक्त एका ओळीत होतं. ते जरा उलगडून सांगाल का?

रेल्वे_यार्ड (भुसावळ)

तीन प्रकार आहेत.

चाप ओढला, 'टक' झालं, काहीच नाही. हा मिसफायर असू शकतो, म्हणजे राउंड पेटलाच नाही, किंवा हँगफायर, म्हणजे दारू उशिरा पेटणार आहे. दोन्हींत फरक बाहेरून कळत नाही. म्हणून हत्यार टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबायचं, मगच उघडायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये इथे एक खोच आहे. राउंड फुटला नाही की हात आपोआप पुन्हा चाप ओढतो. पुन्हा ओढला की सिलिंडर फिरतं आणि ते संशयी काडतूस नळीसमोरून बाजूला जातं. नंतर ते पेटलं तर गोळीला बाहेर जायला वाटच नाही. म्हणून रिव्हॉल्व्हरवर 'टक' ऐकलं की बोट बाहेर. मनात तीस मोजा, घाईत नको.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: 'ठो' ऐवजी 'फुस्स'. दारू कमी किंवा ओली, गोळी नळीतच अडकलेली. यानंतर दुसरा राउंड मारला तर नळी फुगते किंवा फाटते. नियम सोपा आहे: आवाज किंवा झटका वेगळा वाटला की थांबा, रिकामं करा, नळीत उजेड दिसतो का ते उघड्या बाजूने बघा किंवा लाकडी दांडी घालून बघा. ऑनलाइन परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितात. लाइनवर कानात प्लग, वरून मफ आणि छातीत धडधड असताना नवख्याला 'फुस्स' ओळखूच येत नाही. उस्तादाला येतो. 'थांब' म्हणायला तो लागतो.

मेहरूण_बोर (जळगाव)

मुलीच्या एअर पिस्तुलाबद्दल बोलतो. इथे दूरच्या कोचकडून ऑनलाइन शिकणं खरंच शक्य आहे. पण आधी प्रत्यक्ष दहा-बारा बैठका हव्याच, कारण ग्रिप हाताच्या मापाने घासून बसवावी लागते आणि ते कॅमेऱ्यातून होत नाही. ग्रिप घट्ट धरल्यावर पिस्तूल आपोआप टार्गेटच्या रेषेत यायला हवं. डोळे मिटून हात उचला, डोळे उघडा. फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) बॅकसाइटच्या (मागच्या खुणेच्या) खाचेत डावीकडे-उजवीकडे सरकलेलं दिसलं तर ग्रिप चूक, किंवा पाय चूक. कोणतं चूक हे ओळखायला हात लावून बघावं लागतं.

नवख्याचा मोठा गैरसमज म्हणजे "हात हलतो म्हणून नेम चुकतो." हिशोब करा. फोरसाइट आणि बॅकसाइटमध्ये समजा ३२० मिमी अंतर आहे. साइट्स एका रेषेत आहेत आणि अख्खा हात ५ मिमी सरकला, तर छर्राही टार्गेटवर ५ मिमी सरकतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, म्हणजे मध्यापासून ५.७५. तरीही दहा! आता हात अगदी स्थिर आहे, पण फोरसाइट खाचेत फक्त अर्धा मिमी बाजूला गेलं. जाड लग्नपत्रिकेच्या कागदाएवढं. १०,००० भागिले ३२० गुणिले अर्धा, म्हणजे साडेपंधरा मिमी. नऊ, तोही छर्ऱ्याची कड रेषेला कशीबशी टेकली म्हणून. तिप्पट नुकसान, तेही डोळ्याला जाणवत नाही इतक्या चुकीतून.

म्हणून नजर फोरसाइटच्या वरच्या कडेवर हवी. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. टार्गेटच्या काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरायचा नाही, खालच्या पांढऱ्यात धरायचा आणि साइट तशी सेट करायची. काळ्यावर काळं फोरसाइट धरलं की त्याची कड दिसेनाशी होते. हे सगळं कोच व्हिडिओ कॉलवर सांगू शकतो. पण मुलगी खरोखर फोरसाइटकडे बघते आहे का, हे त्याला थेट दिसत नाही. ते टार्गेटवरच्या छिद्रांवरून ओळखावं लागतं. गट आडवा-तिडवा पसरलेला आणि हात मात्र स्थिर, तर नजर टार्गेटवर जाते आहे. उजव्या हाताच्या मुलीचे छर्रे खाली-डावीकडे जात असतील तर चाप झटका देऊन ओढला जातो आहे.

पहिले दोन आठवडे टार्गेट उलटं लावा, कोऱ्या पांढऱ्या बाजूने. काळं नाही म्हणजे गुणांचा मोह नाही, नजर आपोआप साइटवर राहते. एका बैठकीत चाळीस छर्रे पुरे. त्याआधी पंधरा मिनिटं नुसतं धरणं: उचला, आठ-दहा सेकंद, खाली, अर्धा मिनिट विश्रांती. नवख्याला रोज शंभर छर्रे मारायला लावणारा कोच खांदा बिघडवतो, नेम सुधारत नाही.

पॅरिस २०२४ मध्ये मनू भाकरने याच प्रकारात कांस्य घेतलं, तेव्हापासून ऑनलाइन "चॅम्पियन कोर्स" पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले आहेत. पहिल्याच धड्यात महागडं पिस्तूल घ्यायला लावणाऱ्यापासून दूर राहा. सुरुवातीला क्लबचं पिस्तूल वापरा.

भरीत_पार्टी (जळगाव)

मेहरूणदादा, म्हणजे मोबाइल कामाचा आहे म्हणा की. मी तर म्हणतो .३२ साठीही आहे. राउंड फुटायच्या आधीच दचकून नळी खाली पाडणं हा नवख्याचा मुख्य रोग. साध्या डोळ्याला तो दिसत नाही, कारण झटका लगेच सगळं झाकून टाकतो. सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन बाजूने घेतलं तर दर चार मिलिसेकंदाला एक चित्र मिळतं आणि गोळी सुटण्याआधी नळी खाली गेलेली स्पष्ट दिसते. उस्ताद "तू दचकतोस" म्हणाला की माणूस वाद घालतो. व्हिडिओ दाखवला की गप्प.

रेल्वे_यार्ड (भुसावळ)

हाई बरोबर शे भाऊ, हे साधन मी नाकारत नाही. पण मोबाइल फायररच्या बाजूला आणि थोडा मागे, स्टँडवर. धरायला माणूस नको. स्टँड नीट करायचं असेल तर हत्यार उघडं, रिकामं, टेबलावर, नळी टार्गेटकडे. "जरा अँगल बदलतो" म्हणत कोणी रेषेच्या पुढे गेलं की रेंज थांबली पाहिजे.

आणि व्हिडिओने रोग कळतो, औषध वेगळंच आहे. उस्ताद फायररच्या पाठीमागे काडतुसं भरतो: दोन जिवंत, चार डमी, क्रम फायररला माहीत नाही. डमीवर चाप पडला, आवाज नाही, आणि नळी तरीही खाली दचकली की फायररला स्वतःलाच लाज वाटते. पाच-सहा फेऱ्यांत बराच फरक पडतो. पुढची पायरी म्हणजे फायरर फक्त नेम धरतो आणि चाप उस्ताद त्याच्या बोटावर बोट ठेवून हळू दाबतो. राउंड कधी फुटेल हे फायररला कळत नाही, म्हणून दचकायला वेळच मिळत नाही. व्हिडिओ बघून आलेल्यांना नेमका हाच धडा मिळालेला नसतो.

खान्देशी_गरम_हवा

एवढं चर्वितचर्वण कशाला? यूट्यूबवर सगळं फुकट आहे. आणि सीमेपलीकडून 'सामान' स्वस्तात मिळतंच की.

पांझरा_काठ (धुळे)

अशी पोस्ट पुन्हा आली तर सरळ तक्रार करणार. विनापरवाना गावठी कट्टा जवळ बाळगणं हा शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आणि जे हत्यार पाण्याच्या पाइपातून कापलेलं असतं, त्यात गोळी पुढे जाईल की मागे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. विषय संपला.

पिवळी_दादर (शहादा)

आता चित्र स्पष्ट झालं. .३२ साठी थिअरी ऑनलाइन वाचून जायची, पण कोर्स एस-१ देणाऱ्याकडेच. मुलीसाठी आधी प्रत्यक्ष बैठका, नंतर व्हिडिओ कॉलवर कोच. मग मधल्या काळात घरी सराव कुठे करायचा? खळ्याच्या शेडमध्ये १४ मीटर लांब जागा आहे. आणि चाप किती जड हवा, घरच्या घरी कसा तपासायचा?

मेहरूण_बोर (जळगाव)

चौदा मीटर म्हणजे ऐसपैस. फायरिंग रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत मोजून १० मीटर. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर, ५ सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतं. जमीन मात्र रेषेवर आणि टार्गेटखाली एकाच पातळीत हवी. शेडची जमीन उताराची असते, पाइपात पाणी भरून पातळी बघा.

टार्गेटमागे भिंत हवी. दार किंवा पत्रा चालणार नाही. पत्र्याला छर्रा लागून उलटा येतो. भिंतीपुढे लाकडी पेटी, आत तिरका पोलादी तुकडा, वरची कड फायररकडे झुकलेली, म्हणजे छर्रा चपटा होऊन खाली पडतो. खाली वाळूचा थर. छर्रे शिशाचेच वापरा. पोलादी गोल बॉल हातोहात परत येतात. शेडला मधूनच दार असेल तर सरावाच्या वेळी आतून कडी. शेळ्या, कोंबड्या आणि शेजारची पोरं सूचना वाचत नाहीत.

मोठं माणूस सोबत हवंच. ठेवलेल्या पिस्तुलाच्या नळीत सेफ्टी फ्लॅग हवा: रंगीत दोरी, घरातून घालून तोंडातून बाहेर आलेली, म्हणजे लांबूनच दिसतं की आत छर्रा नाही. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, मगच भाकरीला हात. शिसं बोटांना लागलेलं असतं.

चापाचं वजन: नियमाने किमान ५०० ग्रॅम. पिस्तुलात हवा भरलेली हवी, छर्रा नको. नळी उभी धरा, तोंड वर. चापाच्या मधोमध दोरी बांधून खाली पाण्याची बाटली लटकवा आणि सावकाश उचला. अर्धा लिटर पाणी उचललं गेलं आणि चाप सुटला नाही म्हणजे पास. नवख्यासाठी ५०० च्या अगदी काठावर नको. थोडा जड ठेवा, म्हणजे बोट चुकून टेकल्यावर सुटणार नाही.

सातपुडा_पायथा (चोपडा)

मुलीचं पिस्तूल हवा भरायचं असेल तर उन्हाळ्याची एक गोष्ट. हवेचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. सकाळी २७ अंशाला भरलं आणि दुपारी बंद गाडीत राहिलं. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या आत ६५-६७ अंश सहज. दाब २२५ च्या वर गेलाच म्हणून समजा. सिलिंडर सावलीत, कापडात गुंडाळून, गाडीतून लगेच बाहेर काढायचं. मे महिन्यात भरताना १८० वरच थांबा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. तयार झाल्यापासून दहा वर्षांनंतर मॅचला चालत नाही, आणि जुनं विकत घेताना लोक नेमकं तेच बघत नाहीत. हातपंपाने भरणार असाल तर सावकाश, मध्ये थांबत. घाईने भरलं की पंप तापतो आणि आत ओल साचते.

भरीत_पार्टी (जळगाव)

.३२ वाल्यांसाठी रेंजला जाताना: पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा शर्ट (पिस्तुलाची तापलेली पुंगळी उडून कॉलरमधून आत गेली की माणूस हत्यारासकट नाचतो), बंद बूट, डोक्यावर पुढे टोक असलेली टोपी, साधा चष्मा असेल तर त्यावरून बसणारा संरक्षक चष्मा. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. हँडगनचा आवाज १५० डेसिबलच्या घरात असतो, छताखाली तर आणखी बोचतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी वाचायचा चष्मा सोबत न्यावा. लांबचा लावला की फोरसाइट पुसट, जवळचा लावला की टार्गेट पुसट. फोरसाइट स्पष्ट दिसणारा निवडायचा. व्हिडिओत उस्ताद तरुण असतो, तो हे सांगत नाही.

रेल्वे_यार्ड (भुसावळ)

आणि घरी ड्राय फायर, म्हणजे जिवंत काडतुसाशिवाय चाप ओढण्याचा सराव, करणार असाल तर काडतुसं त्या खोलीत नकोतच. दुसऱ्या खोलीत, कुलपात. .३२ वर डमी राउंड घालून करा. .२२ चं हत्यार रिकामं ठोकत बसू नका, त्याची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते आणि काडतूस नसलं की थेट घराच्या काठावर. शेवटच्या ड्राय फायरनंतर तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "सराव संपला", आणि हत्यार लगेच कपाटात. "आता एकच" म्हणून परत बाहेर काढायचं नाही.

पिवळी_दादर (शहादा)

परवाना शाखेत सोमवारी चौकशी करते. मेहरूणदादा, बाटलीचं करून बघेन. पण अर्धा लिटर पाणी म्हणजे ५०० ग्रॅम, बाटलीचं वजन वेगळं ना?

मेहरूण_बोर (जळगाव)

हो ताई, बरोबर पकडलंत. प्लास्टिकची पातळ बाटली झाकण-दोरीसकट वीस-पंचवीस ग्रॅम भरते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बाटली ठेवा आणि एकूण ५०० होईपर्यंत पाणी कमी करा. मग पेनाने पातळीची खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी काट्यावर जायला नको.

पिवळी_दादर (शहादा)

ठीक. खूण करून ठेवते.